तीन लाख दाणे

"जरा रडता येईल का, मावशी?" 'पाझर'च्या माणसानं तिसऱ्यांदा विचारलं.

अनसाक्का अंगणात खुर्चीवर बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, पाय सुजलेले, पोटात पाणी झालेलं. पण मान ताठ.

"कशापायी?" ती म्हणाली. "कोण मेलंय?"

"तसं नव्हे. लोकांच्या मनाला भिडायला हवं."

"मगाशी सांगितलं की मी. यकृत वाळलंय, नवीन बसवायचंय, अठरा लाख कमी पडत्यात. द्यायचे त्यांनी द्यावेत. ह्यात रडायचं काय?"

त्या माणसानं हातातला पडदा तिच्याकडं वळवला. 'पाझर' हे आजाऱ्यांसाठी मदत गोळा करणारं संकेतस्थळ. चित्रफीत लोकांपुढं जाण्याआधी त्यांचं यंत्र ती तपासायचं, आणि ती बघून किती जणांना पाझर फुटेल याचा अंक द्यायचं. पडद्यावर एकतीस दिसत होतं.

"सत्तरच्या वर गेलं तरच आम्ही पुढं पाठवतो," तो म्हणाला. "रडणं जमत नसेल तर राहू द्या. अश्रू आम्ही नंतर घालू. आवाजही थोडा कापरा करता येतो. तुम्ही फक्त इथं अंगठा लावा."

"म्हंजे मी रडले न्हाई तरी जगाला मी रडताना दिसणार?"

"हुबेहूब."

"मालन," अनसाक्का दाराकडं बघून म्हणाली, "ह्याला चहा दे आणि वाटेला लाव."

मालन म्हणजे तिची भावजय. चंदगड तालुक्यातल्या काजूच्या कारखान्यात दोघी सव्वीस वर्षं एकाच टेबलाला शेजारी शेजारी बसून काजूगर निवडत होत्या. अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, भाजणीत करपलेला डागी वेगळा. अनसाक्काचं लग्न तीन वर्षांत मोडलं आणि ती भावाकडं परत आली, तेव्हापासून दोघींचं भांडण सुरू होतं. ते कधी थांबलं नव्हतं आणि कधी वाढलंही नव्हतं.

तो माणूस गेला. अनसाक्काचा भाऊ संभा त्याच्या मागं फाटकापर्यंत माफी मागत गेला.

"वन्सं," मालन म्हणाली, "अठरा लाख हायत. भरायला एकोणीस दिवस हायत."

"मला मोजता येतं. दाणे निवडायला मी तुला शिकवलं, तू मला न्हाई."

"मग अंगठा का न्हाई लावलास?"

"माझं तोंड माझं हाय म्हणून."

*

हे नवं यकृत कसं तयार होतं, ते इथं थोडं थांबून समजून घेऊ. अवघड नाही.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीकडं एकाच पुस्तकाची प्रत असते. कातडीची पेशी त्यातलं कातडीचं पान उघडून बसते, यकृताची पेशी यकृताचं. शास्त्रज्ञांना अशी युक्ती सापडली, की कातडीच्या पेशीला ते पुस्तक मिटायला लावायचं आणि मग हळूहळू यकृताचं पान उघडून द्यायचं. अनसाक्काच्या दंडावरची नखाएवढी कातडी त्यासाठी पुरली. अशा पेशी एकत्र आल्या की त्यांचा गोळा होतो, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. तो एक दाणा म्हणजे एक चिमुकलं यकृत.

असे दाणे वाढवावे लागतात तीन लाख. ते ठेवायला जाळी लागते. डुकराचं यकृत एका द्रावणानं धूत राहिलं की त्यातल्या सगळ्या पेशी निघून जातात आणि उरतो तो नुसता पांढरा सांगाडा, रक्ताच्या वाटांसकट. त्या जाळीत दाणे वसवायचे आणि ती माणसाच्या पोटात जोडायची. पूर्ण यकृताचा पाव हिस्सा झाला तरी चालतं, कारण पुन्हा वाढण्याची ताकद या अवयवात सगळ्यांत जास्त असते. पेशी रोग्याच्याच असल्यानं शरीर भांडत नाही, आणि दुसऱ्या कुणाला आपलं यकृत कापून द्यावं लागत नाही.

अडचण एकच. सगळेच दाणे चांगले निपजत नाहीत. सात-आठांत एखादा बिघडतो. काहींचा गाभा आत अन्न न पोचल्यानं मरतो. काही आपलं काम विसरतात आणि नुसतेच वाढत सुटतात. असा एखादा पोटात गेला तर उद्या त्याची गाठ होते. म्हणून जाळीत जाण्याआधी प्रत्येक दाणा तपासावा लागतो. ते काम एक यंत्र करायचं. सगळे त्याला 'डोळा' म्हणत. तो एका परदेशी कंपनीचा होता, विकत मिळत नसे, भाड्यानं मिळे. दर दाण्याला सहा रुपये.

दाणे वाढवण्याचा खर्च सरकारी योजना, कारखान्यातली वर्गणी आणि संभानं विकलेला टेम्पो यातून भागला होता. उरले होते ते डोळ्याचे अठरा लाख.

*

गडहिंग्लजच्या पुढं माळावर संशोधन रुग्णालय होतं. मालन दुसऱ्याच दिवशी तिथं गेली, मुदत वाढवून मागायला. दाण्यांचं काम बघणाऱ्या डॉ. अफरोज मुल्ला तिला भेटल्या. चाळिशीच्या, बोलायला साध्या.

"मी वाढवून दिली असती हो," त्या म्हणाल्या. "पण दाण्यांना मुदत कळत नाही. वाढायला ठेवल्यापासून पस्तिसाव्या दिवशी पाहणी सुरू करायची आणि अडतिसाव्या दिवशी संध्याकाळी सहाला दाणे जाळीत जायलाच हवेत. त्यानंतर ते एकमेकांना चिकटतात आणि आतून मरतात."

"आणि पैसे न्हाई जमले तर?"

डॉक्टरांनी फाईल मिटली. त्यांच्या मागच्या पडद्यावर जुन्या प्रयोगातले दाणे दिसत होते. काचेच्या नळीतून पाण्याबरोबर एकेक दाणा घरंगळत जात होता. प्रत्येकापाशी यंत्र क्षणभर थांबायचं, फोटो घ्यायचं आणि हिरवी किंवा लाल खूण करायचं. मालन बघत राहिली. सवयीनं तिची बोटं मांडीवर हलत होती.

"ह्यो कशाला ठेवला?" ती एकदम म्हणाली.

"कुठला?"

"आत्ता गेला त्यो. पोकळ हाय की."

डॉक्टर हसल्या. "यंत्रानं हिरवा दिलाय."

"देऊ दे. त्यो लोळतोय बघा कसा. भरला दाणा असा लोळत न्हाई. एका अंगाला हेलपाटतोय."

डॉक्टरांनी तो दाणा मागं आणला. प्रयोग जुना होता, प्रत्येक दाणा नंतर कापून तपासलेला होता. त्यांनी नोंद उघडली. त्या दाण्याचा अर्धा गाभा मेलेला निघाला होता, अगदी एका बाजूला.



"दर दाण्याला सहा रुपये घेतंय न्हवं हे यंत्र?" मालननं विचारलं. "आमाला किलोला अठरा देत्यात. एका किलोत साडेचारशे दाणे बसत्यात."

"मालनताई, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"पैसे न्हाईत. डोळे हायत. भातलावणीला आमच्यात पैरा करत्यात. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुमच्या. पैशाची भाषाच न्हाई. तसं आमी तीस बायका येतो. अक्काचे दाणे आमी निवडतो. ते अठरा लाख बिलातनं काढा."

*

संचालक कर्णिक वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त लेखी नसलेल्या गोष्टींची भीती वाटायची. डॉ. मुल्लांनी हट्ट धरला, तेव्हा ते चाचणीला तयार झाले. जुन्या प्रयोगातल्या पाचशे दाण्यांच्या फोटोंवर अनसाक्का-मालनच्या टेबलावरच्या चार बायकांनी निवाडा द्यायचा. आत काय आहे ते रुग्णालयाला माहीत होतंच.

अनसाक्का सुजलेले पाय चपलांत कोंबून आली. चौघींनी दुपारभरात पाचशे फोटो निवडले आणि आपण जिंकलो अशा थाटात चहा घेतला.

कर्णिकांनी निकाल वाचला. "यंत्राच्या चुका एकोणीस. तुमच्या, एकशे अकरा."

मालननं चहाचा कप खाली ठेवला.

"पोकळ दाणे तुम्ही जवळजवळ सगळे पकडलेत, हे मान्य," ते म्हणाले. "पण जे सगळ्यांत उत्तम होते, नेमके तेच तुम्ही फेकून दिलेत. असे दाणे आम्ही माणसाच्या पोटात घालू शकत नाही. मला वाईट वाटतं."

परतीच्या एसटीत अनसाक्का खिडकीशी बसली. शेजारी मालन, मागं संभा.

"आता ऐक माझं," संभा पुढं वाकून म्हणाला. "पाझरवाल्याला फोन लावतो. अंगठा दे. चार खोटे अश्रू तर हायत. जीव जातोय तुझा."

"गप बस."

"मी गप बसू? टेम्पो विकला मी!"

"तुला कुणी सांगितलं विकायला?"

"वन्सं," मालन म्हणाली, "त्याच्यावर कशाला चिडतीस? चुकलो आपण. खरंच चुकलो."

आजऱ्याच्या फाट्याला अनसाक्कानं खिडकीची काच लावली. मग म्हणाली, "मी कुठले घालवले सांगू? पिवळसर होते ते. पिवळा म्हंजे डागी. सव्वीस वर्षं पिवळा दिसला की हात आपोआप बाजूला टाकतोय."

मालन तिच्याकडं वळली. "मी बी तेच घालवले."

"सगळ्यांनी घालवले. आपण यकृत निवडलंच न्हाई, मालन. आपण काजू निवडला."

मालननं एसटीतूनच डॉ. मुल्लांना फोन लावला. मोठ्यानं बोलत होती, सगळी गाडी ऐकत होती.

"डॉक्टर, चूक आमची हाय, पण अर्धी तुमची हाय. दाणा दिसतो कसा हे तुमी दाखवलंत. दाणा करतो काय, हे कुणी सांगितलं? काम कळल्याबिगर दाणा कसा निवडायचा?"

*

रविवारी डॉ. मुल्ला कारखान्यात आल्या. सुट्टीच्या दिवशी तीस बायका टेबलाभोवती जमल्या. डॉक्टरांनी खडूनं टेबलावरच चित्र काढलं.

"यकृताचं एक मोठं काम म्हणजे पित्त बनवणं. पित्ताचा रंग कसा?"

"हिरवा-पिवळा," कोंबडी साफ केलेल्या सगळ्याच बायका म्हणाल्या.

"मग जो दाणा पिवळसर दिसतो, त्यानं काय सुरू केलंय?"

मग मागून कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"काम सुरू केलंय," अनसाक्का म्हणाली.

"बरोबर. आणि तुम्हाला आवडले ते कुठले? पांढरेशुभ्र, गुबगुबीत, चकचकीत. ते काम विसरलेले असतात. खातात आणि वाढतात, दुसरं काही करत नाहीत."

"म्हंजे आमच्या संभासारखे."

हसण्यानं टेबल हादरलं. दारात उभा असलेला संभाही हसला, अनेक दिवसांनी.

मालनला एक वेगळीच गोष्ट सांगायची होती. "फोटो नको आमाला. त्या दिवशी मी पोकळ दाणा वळखला त्यो चालताना. थांबलेल्या दाण्यात काय कळणार? आमाला चालता दाणा दाखवा."

डॉक्टर खडू हातात धरून उभ्याच राहिल्या. मेलेला गाभा जिवंत पेशींइतका घट्ट नसतो. तो एका बाजूला असला की दाण्याचा तोल जातो आणि दाणा घरंगळताना झुकतो. हे कुठल्याही शास्त्रज्ञाला कळलं असतं. पण यंत्राला फोटो हवा असायचा, म्हणून सगळे फोटोकडंच बघत आले होते.

आठ दिवस रोज संध्याकाळी काम सुटल्यावर बायका तासभर बसायच्या. डॉक्टर जुन्या दाण्यांच्या चित्रफिती पाठवायच्या. एकीनं निवाडा द्यायचा, दुसरीनं कारण विचारायचं. 'मला वाटलं' हे कारण चालत नसे. अनसाक्का खुर्चीत मागं रेलून ऐकायची आणि मधूनच ओरडायची, "तुझ्या डोक्यात अजून काजूच हाय!"

दुसरी चाचणी नव्या पाचशे दाण्यांवर झाली. यंत्राच्या चुका एकवीस. बायकांच्या चार.

कर्णिकांनी आकडे दोनदा बघितले. "मी हे समितीपुढं ठेवतो," ते म्हणाले, आणि खरोखर त्याच आठवड्यात ठेवलंही. परवानगी आली ती अटींसह. प्रत्येक दाणा दोघींनी, एकमेकींचा निवाडा न बघता पाहायचा. दोघींचं जुळलं नाही तर तिसरी ठरवणार. रोग्यानं लेखी संमती द्यायची.

"तिसरी मी," अनसाक्का सही करता करता म्हणाली.

"तुम्ही रोगी आहात," कर्णिक म्हणाले.

"दाणे कुणाचे हायत?"

*

पाहणीला दोन दिवस असताना यंत्राच्या कंपनीची प्रतिनिधी बंगळुरूहून आली. पन्नाशीची, सौम्य आवाजाची बाई. कर्णिकांच्या खोलीत मालन, अनसाक्का आणि संभा बसले होते. डॉ. मुल्ला भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"तुमचं कौतुक करायला आले आहे," ती म्हणाली. "आमची कंपनी यंत्र पूर्ण मोफत देईल. अठरा लाख माफ. शिवाय प्रत्येक बाईला पन्नास हजार."

"आणि आमी काय द्यायचं?" मालननं विचारलं.

"काहीच नाही. तुम्ही दोन दिवस पडद्यापुढं बसायचं. समोर एक छोटा कॅमेरा असेल. तुमची नजर कुठं जाते, कुठं थांबते, ते आमचं यंत्र बघेल आणि शिकेल. मग तुमच्या नणंदेचे दाणे तेच निवडेल. धोका नाही, दमणूक नाही."

संभाचा चेहरा उजळला. "कर सही, मालन," तो म्हणाला. "देवच आला की."

मालननं कागद ओढून घेतला. तिला सही करायचीच होती. चार दिवसांत तीन लाख दाणे, प्रत्येक दोनदा. तीस बायकांत वाटले तर दर बाईला रोज पाच हजार दाणे. हिशेब जमत होता, पण जेमतेम. एक बाई आजारी पडली, एक दिवस हुकला, की संपलं. ती शेवटच्या पानापर्यंत वाचत गेली आणि तिथं थांबली.

"ही ओळ काय हाय? 'यापुढे कोणत्याही रुग्णालयात अशी पाहणी करणार नाही'?"

"ते नेहमीचंच कलम आहे."

"आणि यंत्र शिकल्यावर पुढच्या माणसाला दर दाण्याला किती?"

"सुधारित यंत्राचा दर अजून ठरायचाय. साधारण नऊ रुपये."

मालननं अनसाक्काकडं बघितलं. "वन्सं, तू बोल. मला तू जित्ती पायजेस. मला बाकी कुणाचं काय पडलेलं न्हाई. खरंच न्हाई."

"सही तुझी लागते," अनसाक्का म्हणाली. "मी काय सांगणार न्हाई. पण जगले, तर मला त्याच टेबलावर तुझ्या शेजारी बसायचंय, आणखी वीस वर्षं. तिथं बसून आपण एकमेकींशी काय बोलायचं, तेवढं बघ."

पंखा फिरत होता. संभा दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता.

मालननं कागद परत सरकवला.

"आमच्या डोळ्यानं शिकायचं," ती म्हणाली, "त्याचे नऊ रुपये घ्यायचे, आणि आमीच डोळे मिटून बसायचं. न्हाई जमणार."

"चार दिवसांत काम पुरं झालं नाही, तर काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"माझी नणंद मरंल. ते तुमी मला सांगायला नको."

संभा खुर्ची मागं ढकलून उठला आणि बाहेर निघून गेला. घरी गेल्यावरही तो मालनशी बोलला नाही.

*

पस्तिसाव्या दिवशी सकाळी आठला तीस बायका रुग्णालयाच्या लांबट दालनात बसल्या. दाणे पलीकडं काचेआड, निर्जंतुक खोलीत. बायकांपुढं पडदे आणि हाताखाली दोन बटणं, हिरवं आणि लाल. एकाच वेळी तीस नळ्यांतून दाणे चालू झाले.

कर्णिकांनी शांतता पाळायची सूचना लावली होती. पहिल्या तासात चार बायकांना डुलकी आली. मालन उठली आणि सूचना काढून कर्णिकांच्या हातात दिली. "साहेब, गप्प बसलो की डोळा मिटतो आमचा." त्यानंतर दालनात सुना, जावई, भिशी आणि मटणाचा भाव सगळं चालू झालं, आणि चुका कमी झाल्या. डॉ. मुल्लांनी ते वहीत टिपून ठेवलं.

तरीही पहिल्या दिवशी एक लाख पन्नास हजारांऐवजी एक लाख दहा हजार निवाडेच झाले.

त्या पहिल्याच दिवशी दुपारी दारात काहीतरी घासल्याचा आवाज झाला. संभा मोठं पातेलं फरशीवर ओढत आणत होता. आमटी, भात, सुक्या बोंबलाची चटणी. त्यानं बायकोकडं न बघता पहिलं ताट तिच्यापुढं ठेवलं.

"पोटात काय नसलं तर डोळा चालत न्हाई," तो म्हणाला. "चार दिवस मी रांधतो."

दुसऱ्या दिवशी वेग वाढला. तिसऱ्या दिवशी आणखी. पण ज्यांवर दोघींचं जुळत नव्हतं असे दाणे साचत चालले होते. ते सगळे अनसाक्काच्या पडद्यावर जात. ती उशी पाठीशी घेऊन बसायची, दोन तास बघायची, तासभर पडायची, परत बसायची. लाल बटण दाबताना ती दर वेळी दाण्याला काहीतरी बोलायची. "जा, फुकट्या." हिरव्याला काही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाराला तिची मान पडद्यावर टेकली.

तिला उचलून वॉर्डात नेलं. रक्तदाब उतरला होता; आज परत बसणं शक्य नाही, असं डॉ. मुल्ला म्हणाल्या. तिसऱ्या खुर्चीपुढं सहा हजार तीनशे दाणे शिल्लक होते. घड्याळात सहा तास.

सगळ्या बायका मालनकडं बघत होत्या. अनसाक्काच्या नजरेला तोड नाही हे कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि मालनला सर्वांत जास्त. सव्वीस वर्षं तिला शंका आली की ती दाणा शेजारी सरकवायची. आता शेजारी कुणी नव्हतं.

ती जाऊन बसली.

पहिला दाणा पिवळसर, थोडा झुकणारा. काम करतोय, पण गाभा? तिनं दाणा नळीत मागं आणला. परत बघितला. आपण कुणाच्या पोटात काय घालतोय हा विचार आला आणि बोट आखडलं. मग तिनं तो विचार बाजूला ठेवला आणि फक्त दाण्याकडं बघितलं. झुकतोय, पण दोन्ही अंगांना सारखाच. नळीत पाण्याचा धक्का बसलाय. हिरवा.

पुढचा. लाल. पुढचा.

दोनच्या सुमारास ज्यांचं काम आटपलं त्या बायका तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. कुणी काही सुचवलं नाही. एकीनं तिच्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला, एक मिनिटभर, आणि काढला. चार वाजता दोन हजार उरले. पाचला सातशे. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पडदा रिकामा झाला.

काचेआड डॉ. मुल्लांनी हात वर केला. दाणे जाळीकडं निघाले. सदतीस हजार आठशे दाणे नाकारले गेले होते. एवढे बिघडणार हे धरूनच तीन लाख वाढवले होते, त्यामुळे जाळी भरली.

मालन वॉर्डात गेली. अनसाक्का जागी होती.

"किती घालवलेस?" तिनं विचारलं.

"माझ्या खुर्चीवरनं? दोन हजार नव्वद."

अनसाक्कानं डोळे मिटून मनात काहीतरी जुळवलं. "मी बी साधारण एवढेच घालवले असते," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत तिनं मालनला यापेक्षा मोठं काही म्हटलं नव्हतं.

*

शस्त्रक्रियेनंतर पाच आठवड्यांनी अनसाक्काच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. चौथ्या महिन्यात जाळीतलं यकृत जवळजवळ दुप्पट झालं होतं. रुग्णालयाच्या दरपत्रकातून पाहणीची ओळ कर्णिकांनी काढून टाकली, आणि या वेळी त्यांनी कुठल्याही समितीला विचारलं नाही. कंपनीचं यंत्र अजून तिथं आहे. ज्याला हवं तो पैसे भरून वापरू शकतो.

पैऱ्याचा नियम साधा ठरला. ज्याच्या माणसाला यकृत मिळालं, त्यानं पुढच्या माणसासाठी डोळे द्यायचे. म्हणून काजूच्या बायका महिन्यातून दोनदा माळावर येतात, आणि आलेल्यांना शिकवतात.

परवा एक एसटी कंडक्टर आला. बायकोचं यकृत गेलेलं. दालनात येऊन त्यानं फाईल उघडली आणि भडाभडा सांगायला लागला, "साडेसात लाख जमलेत बघा, बाकीचे मी..."

"ते खाली खिडकीत सांगा," मालन म्हणाली. "माणसं किती आणलीत?"

"माणसं?" तो गोंधळला. "डेपोतले चाळीस जण येतो म्हणालेत. पण ताई, आमाला तिकिटं फाडायला कळतंय. दाण्यातलं काय कळणार?"

तिसऱ्या खुर्चीतून अनसाक्कानं त्याच्याकडं बघितलं आणि पायानं एक स्टूल पुढं सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "ह्यो दाणा बघा. ठेवायचा का घालवायचा?"

कंडक्टरनं फाईल मांडीवर ठेवली. वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"ठेवायचा," तो भीत भीत म्हणाला.

"चुकलं," अनसाक्का म्हणाली. "परत बघा."